बिनऑर्डरचा माल : घरपोच येणारी कॉलेजची प्रवेशपत्रे

बारावीचा निकाल लागून पंधरवडा उलटला नव्हता. आमच्या दूध बाजारातील दुकानात एक गृहस्थ गेली अठरा वर्षे काउंटरवर कापड मापण्याचे काम करतात. जोहरची नमाज आटोपून ते एक लिफाफा घेऊन आमच्या गादीशी आले. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. लिफाफ्यात जाड कागदाचे, सोनेरी किनारीचे पत्र होते. वर त्यांच्या मुलीचे नाव, खाली कुलगुरूंची छापील सही. मजकूर असा की, आपली गुणवत्ता पाहून आमच्या विद्यापीठाने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी आपली निवड केली आहे, पन्नास टक्के शिष्यवृत्तीही मंजूर केली आहे, तरी दहा दिवसांत २५,००० रुपये भरून आपली जागा निश्चित करावी. विद्यापीठ परराज्यातील. मुलीने तिथे अर्ज केलेला नव्हता, त्याचे नावही ऐकलेले नव्हते.

"सेठ, त्यांनी स्वतःहून बोलावलंय," ते म्हणाले. त्यांना २५,००० रुपये उसने हवे होते.

आम्ही पत्र दोनदा वाचले आणि विचारले, "सुरतेहून आपण न मागवलेलं पार्सल ट्रान्सपोर्टला येऊन पडलं तर तुम्ही काय करता?"

"बिल्टी सोडवत नाही. आधी व्यापाऱ्याला फोन लावतो."

"का?"

"माल पडून असणार त्याचा."

उत्तर त्यांनीच दिले. पण मुलीच्या नावाचे पत्र हातात असले म्हणजे बापाला बिल्टी आठवत नाही. हे पत्र काही एकट्या त्यांच्याच घरी आलेले नाही. जून-जुलैत जुन्या नाशकात, नानावलीत, कथड्यात, वडाळ्यात अशी पत्रे, मेसेज आणि फोन घरोघरी येतात. म्हणून व्यापार पानावर हा विषय घेतला आहे. तालीम हा व्यापार नव्हे हे आम्हास मान्य आहे. परंतु हे पत्र निव्वळ व्यापार आहे, आणि ते व्यापाऱ्याच्याच नजरेने वाचावे लागते.

कापडाच्या धंद्यात माल दुकानात तीन तऱ्हेने येतो. एक ऑर्डरचा. दुसरा जांगड, म्हणजे पाहा, विकला गेला तर पैसे द्या, नाही तर परत पाठवा. तिसरा बिनऑर्डरचा. हा तिसरा माल ईद किंवा लग्नसराई संपत आली आणि गोदाम भरलेले राहिले की निघतो. जांगड मालात धोका पाठवणाऱ्याचा असतो. बिनऑर्डरच्या मालात तो घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. सोनेरी किनारीचे पत्र दिसायला जांगडसारखे असते. तुम्ही निवडले गेलात, आता मर्जी तुमची, असा त्याचा सूर. प्रत्यक्षात इसार आधी मागितलेला असतो.

मग कॉलेजांकडे हा पडून राहिलेला माल आला कोठून? ज्यांनी १९८० नंतरची वर्षे पाहिली आहेत त्यांना याचे नवल वाटेल. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच लाटेत १९८४ साली नाशिकला के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी जागा थोड्या आणि मागणारे फार. देणगीशिवाय दार उघडत नसे अशी तक्रार इतकी वाढली की सरकारला १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयात १९९२ साली मोहिनी जैन, १९९३ साली उन्नीकृष्णन, २००२ साली टी. एम. ए. पै आणि २००५ साली पी. ए. इनामदार असे निकाल येत गेले. यातील शेवटचा खटला आपल्या मिल्लतीच्या जवळचा आहे, कारण इनामदारसाहेब पुण्याच्या आझम कॅम्पसचे. विनाअनुदान संस्थांना, त्यात अल्पसंख्याक संस्थाही आल्या, त्या निकालाने बरेच स्वातंत्र्य दिले. मात्र प्रवेश पारदर्शक व गुणवत्तेनेच व्हावेत आणि कॅपिटेशन फी नको, हेही बजावले. महाराष्ट्राने २०१५ साली प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा केला. सध्याचा सीईटी कक्ष, प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण ही त्याच कायद्याची अपत्ये.

दरम्यान कॉलेजे वाढतच गेली. २०१५ नंतरच्या काही वर्षांत राज्यातील अभियांत्रिकीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. कॉम्प्युटरच्या मागणीने पुढे परिस्थिती सुधारली, पण सर्व शाखांत आणि सर्व कॉलेजांत नाही. ज्या दारावर बाप पिशवी घेऊन उभा राहत असे, तेच दार आता पोस्टाने घरी येते.

आणि रिकामी जागा हा कापडाहून नाशवंत माल आहे. आमचा तागा यंदा खपला नाही तर पुढच्या साली खपतो. रंग उडाला तर अस्तराला जातो, अगदीच फसला तर चिंधीच्या भावाने वजनावर निघतो. कॉलेजची जागा प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला मेली की मेली. ती एका वर्षापुरती मरत नाही. पहिल्या वर्षाला रिकामी राहिलेली जागा पुढची तीन वर्षेही रिकामीच चालते. थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची मुले मिळाली तर गोष्ट वेगळी. वर्गात साठ मुले असोत की बावीस, मास्तरांचा पगार, इमारत आणि बँकेचा हप्ता तोच. अशा वेळी धंदेवाला काय करील? भाव तोडील, सूट देईल, दलाल नेमील आणि दलालाला भरपूर देईल. आम्हीही हेच केले असते. त्यात रागावण्यासारखे काही नाही, फक्त त्याला गुणवत्तेचा सन्मान म्हणू नये.

पन्नास टक्के शिष्यवृत्तीचे पाहा. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात मेनरोडवर "५० टक्के सूट" असे फलक लागतात. लेबलावरचा भाव आधी किती चढवला होता, हे आतल्या माणसाला माहीत असते. सदर पत्रात शिष्यवृत्ती ट्यूशन फीवर होती. वसतिगृह, मेस, बस, "डेव्हलपमेंट" व परीक्षा शुल्क वेगळे. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत अट होती की, दरवर्षी ठरावीक ग्रेड राखली तरच सवलत पुढे चालू राहील. दुसऱ्या वर्षी ग्रेड घसरली तर मुलगी मध्येच सोडूनही येऊ शकत नाही. पूर्ण भाव द्यावा लागेल.

मुलीने विचारले, "चाचा, त्यांच्याकडे माझं नाव गेलंच कसं?" सवाल रास्त होता. ती दोन क्लासच्या "मोफत चाचणी"ला बसली होती, एका करिअर मेळाव्यात तिने कार्ड भरले होते आणि मोबाइलवर दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवले होते. यांपैकी कोणी यादी दिली हे सांगता येणार नाही. अशा याद्यांचा बाजार मात्र आहे. नीट परीक्षेला बसलेल्या दोन लाखांवर विद्यार्थ्यांची माहिती विकत मिळत असल्याच्या बातमीने २०१८ साली देशभर गवगवा झाला होता. अमेरिकेत हा धंदा उघड चालतो. तिथे एसएटी परीक्षा घेणारे कॉलेज बोर्ड विद्यार्थ्यांची नावे कॉलेजांना विकत आले आहे, एका नावाचा भाव अर्ध्या डॉलरच्या आसपास. त्या नावांवर रंगीत पत्रे जातात. पत्र मिळालेल्या मुलाने अर्ज केला तर त्याला नकारही मिळू शकतो.

त्याच देशात याच्या उलटही घडले आहे. आयडाहो राज्याने २०१५ साली असे ठरवले की, बारावीच्या विद्यार्थ्यांना अर्ज करण्याआधीच, त्यांच्या गुणांवरून, राज्यातील कोणत्या सरकारी कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला आहे हे पत्राने कळवायचे. ज्यांच्या घरी कोणी कॉलेज पाहिले नाही अशा मुलांना हिंमत यावी, हा हेतू. ते पत्र खरेच प्रवेशपत्र होते आणि त्यात दहा दिवसांत पैसे भरा असे नव्हते. म्हणजे न मागता आलेले प्रत्येक पत्र खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. पैसे आधी मागितले आहेत की नाही, तेवढे पाहावे.

पत्रावर फोन नंबर होता. आम्ही मुलीचे नातेवाईक म्हणून फोन लावला. बोलणारा तरुण अदबीने बोलला. आम्ही विचारले, ही जागा कोणत्या कोट्यातील? तो म्हणाला, "आप माइनॉरिटी हैं ना, आपका कोटा है, सीट पक्की समझिए." वास्तविक अल्पसंख्याक कोटा हा ज्या समाजाची संस्था त्या समाजापुरता असतो. मुस्लिम संस्थेत तो मुस्लिमांना; गुजराती भाषिक, सिंधी भाषिक किंवा जैन संस्थेत तो त्यांना. तोही गुणवत्तेनेच भरायचा असतो, फोनवर वाटायचा नसतो. आम्ही हे सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि आम्ही काय करतो असे त्याने विचारले. दूध बाजारात कापडाचे दुकान आहे म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. आपली ओळख मोठी असेल, आपण मोहल्ल्यातील मुले पाठवावीत, प्रत्येक प्रवेशामागे आपला हिस्सा पोहोच होईल. हिस्सा किती ते आम्ही विचारले. आमचा कर्मचारी दोन महिन्यांत जेवढा पगार घेतो त्याहून ती रक्कम जास्त होती.

येथे थोडे कडू बोलावे लागते. हा फोन आम्हाला एकट्यालाच येत नाही. तो क्लासवाल्याला, शाळेतील शिक्षकाला, अंजुमनच्या पदाधिकाऱ्याला, अगदी मशिदीबाहेर "मार्गदर्शन शिबिर" भरवणाऱ्यालाही येतो. सर्वच तो स्वीकारतात असे नाही. पण जे स्वीकारतात ते मिल्लतीच्या खिदमतीचे नाव लावून मुलाला बाहेर पाठवतात आणि बापाला सांगत नाहीत की आपल्याला यात काय मिळाले. दलाली हराम नव्हे. सूत बाजारापासून सुरतेपर्यंत आमचा धंदाच दलालावर चालतो. पण आमच्याकडे दलाल कोणाचा आणि त्याची टक्केवारी किती हे दोन्ही बाजूंना माहीत असते. मालातील ऐब झाकून विकू नये, हे तर आपल्याला मदरशातच शिकवलेले आहे.

आता हिशेबाकडे येऊ. खरे नुकसान या पत्रातील पैशांचे नव्हतेच.

आमचे कर्मचारी पिंजारी जमातीचे आहेत. ही जात महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येते. घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने असा निर्णय केला की, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी व परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्याआधी निम्मी माफ होती. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे लोक ज्याला कॅप राउंड म्हणतात त्यातून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. खाजगी स्वयंअर्थसहाय्यित व अभिमत विद्यापीठांना ती नाही, आणि परराज्यातील विद्यापीठाचा तर प्रश्नच नाही.

म्हणजे पत्रातील "पन्नास टक्के शिष्यवृत्ती" घेण्यासाठी ही मुलगी आपल्याच राज्यातील शंभर टक्के सोडून जाणार होती. त्यासाठी बाप २५,००० रुपये कर्ज काढणार होता. आम्ही दोन्ही आकडे दुकानातील बिलबुकाच्या मागे लिहून दाखवले. एका बाजूला त्या विद्यापीठाची चार वर्षांची अर्धी फी, वसतिगृह व मेस. दुसऱ्या बाजूला नाशकातील कॉलेज, घरचे जेवण आणि सिटी बसचा पास. बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले.

ज्यांची जात इतर मागासवर्गात नाही, त्यांच्या मुलींना आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यावर हीच सवलत मिळू शकते. मुलांनाही कॅपमधून प्रवेश घेतल्यास, उत्पन्नाच्या मर्यादेत, ट्यूशन फीचा निम्मा भार सरकार उचलते. खुल्या वर्गातील मुलांसाठी त्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. अडचण कागदांची आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या घरी अब्बांचा किंवा दादांचा दाखला काढला तर जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले सापडते. मग महसूल खात्याची जुनी कागदपत्रे, चुलत आजोबांचा शाळेचा रजिस्टर उतारा, गावच्या कोतवाल बुकातील नोंद, असे करत महिने जातात. त्यानंतर जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर. हे काम बारावीच्या निकालानंतर सुरू केले तर प्रवेशाच्या तारखा निघून जातात, आणि नेमक्या त्याच पोकळीत सोनेरी पत्रे येतात. मूल दहावीला गेले की कागद काढायला घ्यावेत. या कर्मचाऱ्यांच्या मोठ्या भावाने आपल्या मुलासाठी दोन साल आधी पडताळणी करून ठेवली होती, त्यामुळे याही मुलीचा दाखला सोपा गेला. नशीब म्हणावे लागेल.

आमच्या भाच्याच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. काही वर्षांपूर्वी त्यालाही असेच बोलावणे आले होते. आम्ही तेव्हा खूश झालो होतो आणि पैसेही आम्हीच दिले होते. कॉलेजचे नाव लिहीत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतला. आठ दिवसांनी त्याला कॅपमध्ये नाशिकला जागा लागली. मूळ कागद मागायला गेलो तर उत्तर आले, चारही वर्षांची फी भरा आणि घेऊन जा. तीन फेऱ्या मारल्या, तेवढ्यात कॅपची मुदत संपली. भाचा तिथेच शिकला. आमच्या बहिणीने त्यासाठी आपल्या बांगड्या मोडल्या. हा हिशेब आमच्या वहीत अजून मिटलेला नाही.

तेव्हा आम्हाला नियम माहीत नव्हते. आता ऑक्टोबर २०१८ ची विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिसूचना सर्वांनी माहीत करून घ्यावी. तिच्याप्रमाणे कोणतेही कॉलेज मूळ कागद अडकवून ठेवू शकत नाही. पाहून, पडताळून लगेच परत द्यायचे. आणि पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागता येत नाही. प्रवेश रद्द केला तर फी परतीचेही कोष्टक आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून पाच टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर नव्वद टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत पन्नास टक्के, पुढे काही नाही. म्हणून पैसे भरलेच असतील तर रोज एक दिवस म्हणजे पैसा आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि ईमेलही करावा. आमच्या धंद्यात बिघडलेल्या मालाची तक्रार ग्राहक न्यायालयात नेता येते. इथे त्या भरवशावर राहू नये. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा देत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० व २०१२ सालच्या निकालांत म्हटले आहे.

पत्र खरे की खोटे, हे पाहणे फारसे अवघड नाही. महाराष्ट्रातील व्यावसायिक कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करते. फोनवाला सांगतो ती आणि तिथली यांची तुलना करावी. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी काढतो. त्या यादीत महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे आलेले नाव नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे आहे. नावात अरबी आले म्हणून आपल्या माणसाने हात जोडू नयेत, यादी पाहावी. पैसे कोणाच्याही खाजगी खात्यावर भरू नयेत. संस्थेच्या नावाचे खाते नसेल तर बोलणे तिथेच संपवावे.

परदेशातील एमबीबीएसची पत्रे हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधी. इतकेच सांगतो की, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि त्याच संस्थेतील बारा महिन्यांच्या इंटर्नशिपसह पाहिजे. नीट उत्तीर्ण होणेही आवश्यक आहे. "नीटशिवाय डॉक्टर" असे ज्या पत्रात आहे ते पत्र चहा गाळायच्याही कामाचे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय मुले अर्ध्यावर परत आली. त्यांना इथल्या कॉलेजांत सामावून घेतले गेले नाही. तेव्हा पत्र पाठवणारे एजंट फोन उचलत नव्हते.

कोणी म्हणेल, ज्या मुलाला कॅपमध्ये काहीच लागले नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी अशी रिकामी जागा खरोखर उपयोगी पडू शकते. राज्यातील कॉलेजांच्या संस्था पातळीवरच्या जागा कायदेशीर आहेत. त्यांची जाहिरात निघते, गुणवत्ता यादी लागते आणि प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. ती मान्यता मिळणार की नाही, हे कॉलेजकडून लेखी घ्यावे. अशा वेळी भाव मात्र खरीददाराने करावा. जुलैच्या शेवटी, ऑगस्टमध्ये गरज त्यांची असते. आमच्याकडे ईदच्या आदल्या रात्री उरलेला सूट पीस कोणत्या भावाने जातो, हे गिऱ्हाइकाला चांगलेच माहीत असते. कॉलेजच्या दारात तोच गिऱ्हाईक हात जोडून उभा राहतो.

पुढे असे झाले. मुलीने सीईटी दिलेली होतीच. आम्ही एक दिवस दुकान मुनीमजींवर सोडून बापलेकीसोबत सुविधा केंद्रावर गेलो, कागद तपासून घेतले आणि पसंतीक्रमात नाशकातील कॉलेजे वर ठेवली. जागा लागली तर ती स्वीकारण्याचे शुल्क १,००० रुपये, तेवढे तर त्यांच्याजवळ होते. पहिल्या फेरीची यादी अजून लागायची आहे.

पत्र आमच्या गल्ल्यात आहे. दहा दिवसांची मुदत केव्हाच टळली. परवा त्या तरुणाचा तिसरा फोन आला. मुदत वाढवून दिली होती, आणि शिष्यवृत्ती पन्नासवरून पंचाहत्तर टक्क्यांवर गेली होती.